लहान मुलाबरोबर घरातल्या नाताळच्या प्रथा कशा सुरू कराव्यात?

निशिगंध

आमची मुलगी येत्या नाताळापर्यंत तीन वर्षांची झालेली असेल. मागच्या वर्षी झाडावरचे दिवे पाहून तिने टाळ्या वाजवल्या, पण हे सगळे कशासाठी चालले आहे याचा तिला पत्ता नव्हता. आता ती प्रश्न विचारते, गोष्ट सांगताना मध्येच अडवून "मग काय झाले?" म्हणते, आणि काल जे ज्या क्रमाने केले ते आज त्याच क्रमाने झाले नाही तर रुसून बसते. त्यामुळे "हे आमच्या घरचे" असे म्हणता येईल असे काही सुरू करायचे असेल, तर त्याची वेळ आता आली आहे, असे आम्हा दोघांनाही वाटते.

अडचण अशी आहे की आम्ही दोघे दोन अगदी निराळ्या रीतींत वाढलो. नवऱ्याच्या घरी झाड २४ डिसेंबरच्या दुपारी सजवले जात असे, तोवर मुलांना त्या खोलीत जायला मनाई असे, आणि भेटवस्तू त्याच संध्याकाळी उघडल्या जात. माझ्या माहेरी झाड डिसेंबर लागताच उभे राही, मध्यरात्रीच्या उपासनेहून परत आल्यावर आम्ही झोपत असू आणि भेटी सकाळी हातात पडत. लग्नानंतर कधी इकडचे तर कधी तिकडचे असे आम्ही करत आलो आणि मोठ्या माणसांना ते चालून गेले. परंतु ज्या मुलीला एकच गोष्ट रोज त्याच शब्दांत ऐकायची असते, तिच्यासाठी दरवर्षी बदलणारा सण हा सण ठरेल का, याची मला शंका वाटते.

माझे स्वतःचे मत असे की जे मुलाला स्वतःच्या हातांनी करता येते तेच त्याचे होते, आणि जे त्याच्यासाठी केले जाते ते कितीही सुंदर असले तरी आईवडिलांचेच राहते. तरीही किती गोष्टी हाती घ्याव्यात, सांताक्लॉजचे काय करावे, भेटवस्तूंच्या ढिगाखाली मूळ ख्रिस्तजन्माची गोष्ट दबून जाऊ नये म्हणून काय करावे, याबाबत ज्यांची मुले आता थोडी मोठी झाली आहेत त्यांचा अनुभव ऐकायला मला मनापासून आवडेल.

रानवारा

आमची मुले आता प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत आहेत. मी पहिली गोष्ट हीच सांगेन की पहिल्या वर्षी तुम्ही जे कराल तो केवळ एक कार्यक्रम असतो. त्याची प्रथा होते ती दुसऱ्या वर्षी, जेव्हा मूल आपणहून विचारते की ते अमुक कधी करायचे. म्हणून पहिल्या वर्षी तीन-चार लहान गोष्टी करून पाहाव्यात आणि त्यातले काय धरून ठेवायचे हे मुलाला ठरवू द्यावे. आम्ही फार मनापासून आखलेल्या काही गोष्टींबद्दल मुलांनी पुढच्या वर्षी चकार शब्द काढला नाही, आणि सहज घडलेली एक गोष्ट मात्र आजतागायत चालू आहे. ती अशी की झाडावर दिवे चढवून झाले की घरातले बाकी सगळे दिवे मालवायचे, सर्वांनी जमिनीवर उताणे पडायचे आणि झाडाच्या फांद्यांतून खालून वर पाहत राहायचे. याला खर्च नाही, तयारी नाही, आणि कोणी आजारी असले तरी ते करता येते.

दुसरी टिकलेली प्रथा सजावटीच्या खोक्याची आहे. दरवर्षी प्रत्येक मुलाने एक वस्तू स्वतः बनवायची आणि तिच्या मागे त्याचे नाव व साल लिहायचे, एवढाच नियम आहे. धाकटीने अडीच वर्षांची असताना बनवलेली चांदणी म्हणजे जाड पुठ्ठ्याचा एक वेडावाकडा तुकडा आहे. डिंक इतका लागला होता की तो वाळून पिवळ्या काचेसारखा दिसतो, त्यात तिच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे, आणि चमकी फक्त एकाच कोपऱ्यात आहे, कारण बाकीची तिने जमिनीवर सांडली. खोके उघडले की ती प्रथम तिचाच शोध घेते आणि आपला आताचा अंगठा त्या ठशावर ठेवून पाहते. विकत आणलेल्या कोणत्याही काचेच्या गोळ्याला हे भाग्य लाभलेले नाही.

तुमच्या दोन घरांच्या प्रश्नावर माझा सल्ला असा आहे की निम्मे-निम्मे करू नका. दोन्ही घरांतली जी गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलतो, ती प्रत्येकी एक निवडा आणि उरलेले सोडून द्या. बंद खोलीचे दार उघडून सजलेले झाड दिसणे हा नवऱ्याच्या लहानपणीचा आनंद असेल, तर तो ठेवा; भेटी संध्याकाळी की सकाळी हा त्यानंतर केवळ सोयीचा प्रश्न राहतो.

सांजदीप

लहान मुलाला नाताळ समजावण्यातली खरी अडचण काळाची असते. "अजून तीन आठवडे" या शब्दांना तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी काहीही अर्थ नसतो. उद्या आणि परवा यांतही त्याचा घोटाळा होतो. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या, जुन्या प्रथा मला म्हणूनच फार शहाण्या वाटतात, कारण त्यांतल्या बऱ्याचशा मुलांना काळ दिसावा यासाठीच निघाल्या.

आगमनकाळातील मेणबत्त्यांच्या वलयाची हकिकत प्रसिद्ध आहे. योहान हिनरिक विखर्न हे लूथरन धर्मोपदेशक हाम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी एक आश्रमगृह चालवत असत आणि तिथली मुले नाताळ कधी येणार म्हणून रोज त्यांना भंडावून सोडत. १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. मोठ्या चार रविवारांसाठी आणि लहान मधल्या दिवसांसाठी. रोज एक मेणबत्ती अधिक पेटे आणि मुलांना उत्तर डोळ्यांनी मिळे. आज बहुतेक घरांत फक्त चार रविवारांच्या मेणबत्त्या उरल्या आहेत, पण तीन वर्षांच्या मुलासाठी चार हा आकडा अगदी योग्य आहे, कारण तेवढे त्याला बोटांवर मोजता येते.

आगमनकाळाच्या दिनदर्शिकेचे, म्हणजे नाताळपर्यंत रोज एक दार किंवा खिसा उघडायच्या तक्त्याचेही, तसेच. छापील दिनदर्शिका येण्यापूर्वी जर्मनीत काही कुटुंबे दारावर खडूच्या रेघा ओढत आणि मुले रोज एक पुसून टाकत. म्युनिकच्या गेरहार्ट लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील दिनदर्शिका बाजारात आणल्या आणि उघडणाऱ्या लहान दारांची कल्पना त्यानंतर रुळली. मला स्वतःला खडूच्या रेघाच अधिक आवडतात. पुसण्याची क्रिया मुलाच्या हाताला जमते, तिच्यात गोड खाऊ नाही, हावरेपणा नाही, आणि रेघा कमी होत चाललेल्या त्याला दिसतात.

दिनदर्शिकेच्या खिशांतून खाऊऐवजी चिठ्ठ्या ठेवायच्या असतील तर एक गोष्ट पाळावी. चोवीस दिवसांचे चोवीस उपक्रम आधीच लिहून ठेवू नयेत. रोजची चिठ्ठी आदल्या रात्री लिहावी. ताप आलेल्या मुलाच्या हातात "आज आपण बाहेर फिरायला जाऊ" अशी चिठ्ठी पडली तर समजूत काढता काढता संध्याकाळ होते. "आज आंघोळीनंतर दोन गाणी म्हणायची" ही चिठ्ठी मात्र कोणत्याही दिवशी चालते. आगमनकाळाचा पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, पण छापील दिनदर्शिका १ डिसेंबरलाच सुरू होतात, म्हणून वलय आणि दिनदर्शिका यांची सुरुवात एकाच दिवशी होईलच असे नाही. मुलाला त्याचे काही वाटत नाही. आपणही फारसे मनावर घेऊ नये.

पाणकणीस

मूळ गोष्ट दबून जाण्याची भीती असेल तर गोठ्यापासून सुरुवात करा, असे मी आग्रहाने सांगेन. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे बैल, गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तो ज्यांना वाचता येत नव्हते अशा लोकांना ती घटना डोळ्यांसमोर दिसावी म्हणून. आपले तीन वर्षांचे मूलही वाचू शकत नाही. त्याला गोष्ट हातात हवी असते.

म्हणून मुलासाठी एक स्वतंत्र संच घ्यावा किंवा घरी करावा, लाकडाचा किंवा कापडाचा, जो पडला तरी फुटणार नाही आणि तोंडात घातला तरी चालेल. चिनी मातीचा सुंदर संच वरच्या फळीवर राहू द्या. त्याकडे केवळ पाहायचे असते. मुलाच्या संचात मात्र हालचाल असावी. आमच्याकडे पहिल्या आगमन रविवारी गोठा रिकामा मांडला जातो. मेंढपाळ आणि मेंढ्या पुस्तकांच्या कपाटात असतात, मरिया आणि योसेफ गाढवासह घराच्या दुसऱ्या टोकाहून निघतात आणि रोज थोडे पुढे सरकतात. ते कुठे मुक्काम करणार हे मुलगा ठरवतो. एकदा ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर थांबले होते, एकदा बाबांच्या बुटात. गाढव एका संध्याकाळी सापडेना. ते दमले आहे म्हणून त्याने त्याला आपल्या उशीखाली झोपवले होते, आणि मरिया व योसेफ यांना त्या दिवशी एकाच जागी थांबावे लागले.

बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, हा आमचा एकमेव कडक नियम आहे. ती कुठे ठेवली आहे हे मुलालाच ठाऊक असते आणि गव्हाणीत ठेवण्याचा मानही त्याचाच. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक नाताळच्या दिवशी अजून वाटेतच असतात. ते ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला पोहोचतात. याचा फायदा असा होतो की २५ डिसेंबरच्या संध्याकाळी सगळे संपले म्हणून येणारी रडारड आमच्याकडे होत नाही, कारण गोष्टीतली काही माणसे अजून चालत असतात.

काही घरांत मुलाने चांगले काम केले की गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायला देतात. कल्पना जुनी आणि हेतू निर्मळ आहे, तरी मी ती सोडून दिली. चांगुलपणाचा हिशेब ठेवायला लागला की मूल काडीसाठी काम करते, आणि दोन भावंडे असतील तर कोणाच्या काड्या जास्त यावरून भांडणे होतात. गवत आम्ही सगळे मिळून एकदाच अंथरतो.

मोरपीस

सांताक्लॉजबद्दल मी लिहिते, कारण या विषयावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली आहे.

ज्यांच्यावरून ही सगळी परंपरा वाढली ते संत निकोलस चौथ्या शतकातील मायरा या नगराचे बिशप होते. ते ठिकाण आज तुर्कस्तानात आहे. हुंड्याअभावी लग्न होऊ न शकणाऱ्या तीन बहिणींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांची आख्यायिका आहे. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो आणि नेदरलँड्समध्ये त्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांना भेटी मिळतात. रेनडिअरची गाडी आणि धुराड्यातून उतरणारा हसरा म्हातारा हे चित्र मात्र खूप नंतरचे, १८२३ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका कवितेने घराघरांत पोहोचवलेले आहे.

आम्ही मुलाला संत निकोलस यांची गोष्ट खऱ्या माणसाची गोष्ट म्हणून सांगतो आणि ६ डिसेंबरला त्याच्या बुटात काहीतरी लहानसे ठेवतो. त्यानंतर तो स्वतः कोणासाठी तरी गुपचूप काही ठेवतो. मागच्या वर्षी त्याने शेजारच्या आजींच्या दारात स्वतः रंगवलेला कागद ठेवला आणि दिवसभर ते गुपित पोटात ठेवण्याची त्याची धडपड चालली होती. गुपचूप देण्यातला आनंद मुलाला कळला की सांता खरा की खोटा या प्रश्नाची धार पुष्कळ बोथट होते.

ज्यांना सांता पूर्णपणे घरी आणायचा असेल त्यांनी तो अवश्य आणावा, मात्र "सांता बघतो आहे, नीट वाग" हे वाक्य घरात उच्चारू नये, असे माझे ठाम मत आहे. शिस्त लावण्यासाठी धाक वापरला की भेट ही भेट राहत नाही, ती मजुरी होते. शिवाय कोणताही आईबाप नाताळच्या दिवशी मुलाला खरोखर रिकाम्या हाती ठेवत नाही, आणि धमकी पोकळ आहे हे मुलाला आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर समजते.

रानवारा

मोरपीस, धाकाबद्दल पूर्ण सहमत. आम्ही सांता आणला आणि त्याची मला खंत नाही. बहुतेक मुलांचा विश्वास सात-आठ वर्षांच्या सुमारास आपोआप ओसरतो, आणि तो ओसरत असताना मूल स्वतःच तर्क करू लागते, हे पाहणे मोठे आनंदाचे असते. थोरलीने विचारले तेव्हा मी उलट तिलाच विचारले की तुला काय वाटते. तिने सगळे पुरावे मांडले, गुंडाळण्याचा कागद आमच्या कपाटातल्या कागदासारखाच कसा आहे हेही सांगितले, आणि शेवटी आपण होऊन जाहीर केले की आता ती धाकटीसाठी सांता होणार. मूल सरळ "मला खरे सांग" म्हणाले की मात्र खरेच सांगावे. तिथे टाळाटाळ करू नये.

एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. सांताच्या नावाने नेहमी छोटी वस्तू द्यावी आणि मोठी भेट आईवडिलांच्या नावाने द्यावी. शाळेत मुले एकमेकांना विचारतात, आणि एकाला सांताने सायकल दिली व दुसऱ्याला खोडरबर, याचे स्पष्टीकरण त्या दुसऱ्या मुलाला कोणालाच देता येत नाही.

सावली

आमच्या घरी सांता हा आम्ही सगळे मिळून खेळतो तो खेळ आहे, असे मुलीला पहिल्यापासून माहीत आहे. ती तरीही मोजा टांगते, तरीही सकाळी धावत जाते, कारण या वयाची मुले बाहुलीला खरोखर भूक लागली आहे असे समजून भरवतात आणि ती बाहुली आहे हेही त्यांना ठाऊक असते. एवढेच तिला बजावून ठेवले आहे की इतर घरांत हा खेळ वेगळ्या पद्धतीने खेळतात, आणि त्यांचा खेळ मोडायचा नसतो. हे ती अतिशय जबाबदारीने पाळते.

भेटवस्तूंबद्दल लिहायचे तर, दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच गोष्ट पुरते. ते पहिले खोके उघडते, त्यात रमते, आणि आपणच त्याच्या हातातून ते काढून "आता हे उघड" म्हणतो. चौथ्या खोक्यापर्यंत ते कंटाळून रडते आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. आम्ही एक भेट सकाळी देतो, एक दुपारच्या झोपेनंतर, आणि आजीआजोबा, मावशी, काका यांच्याकडून आलेल्या बाकीच्या भेटी पुढच्या दिवसांत, ६ जानेवारीपर्यंत, एकेक करून उघडतो. प्रत्येक वेळी ज्यांनी ती पाठवली त्यांना लगेच फोन लावला जातो. ढिगाऱ्यातून उघडलेली भेट कोणाची होती हे मुलाला कधीच आठवत नाही. एकटी उघडलेली भेट कोणाची होती हे मात्र त्याला पक्के लक्षात राहते. आजीआजोबांना आधी हे थोडे खटकले, पण प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र फोन यायला लागल्यावर तेच आता आठवण करून देतात.

हिरवळ

सुरक्षिततेचा विषय अजून आलेला नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. मी रुग्णालयात काम करतो आणि सणासुदीत मुलांना होणाऱ्या इजा जवळून पाहतो.

सर्वांत गंभीर धोका बटणासारख्या चपट्या सेलचा आहे. गाणारी शुभेच्छापत्रे, लुकलुकणाऱ्या वस्तू, विजेवरच्या खोट्या मेणबत्त्या, छोटे रिमोट या सगळ्यांत ते असतात. मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही आतल्या आवरणाला खोल जखम होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट पाहू नये, उलटी करवू नये, सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही अशी वस्तू लहान मूल असलेल्या घरात आणूच नये.

झाड भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला दोरीने बांधावे, कारण उभे राहायला शिकलेले मूल त्याला धरून उठते. काचेचे गोळे वरच्या फांद्यांवर आणि कापड, लाकूड, कागद यांच्या वस्तू खालच्या फांद्यांवर लावल्या की मुलाला "हात लावू नको" असे दिवसभर सांगावे लागत नाही, आणि खालचा भाग त्याचाच होतो. खरे झाड असेल तर त्याच्या बुडाशी रोज पाणी घालावे. सुकलेले झाड क्षणात पेट घेते. सजावटीला वापरल्या जाणाऱ्या हॉली या झुडपाची लाल फळे आणि मिसलटो ही वनस्पती पोटात जाऊ देऊ नयेत. मोठ्यांसाठी ठेवलेले अख्खे बदाम, अक्रोड पाच वर्षांखालील मुलाच्या हाताला लागणार नाहीत असे पाहावे, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. वलयाच्या खऱ्या मेणबत्त्या लावायला माझी हरकत नाही, फक्त त्या पेटत्या असताना मोठे माणूस खोली सोडून जाता कामा नये.

लाटा

हिरवळ यांच्यासारखे जे लोक सणाच्या दिवशी कामावर असतात, त्यांच्या मुलांबद्दल मला लिहायचे आहे, कारण मी परिचारिका आहे आणि २५ डिसेंबरला घरी असण्याची मला खात्री देता येत नाही. आमचा नाताळ कधी २३ तारखेला होतो, कधी २७ ला. सुरुवातीला याचे मला फार वाईट वाटत असे. मग लक्षात आले की पाच वर्षांखालील मुलाला तारीख माहीतच नसते. त्याला क्रम माहीत असतो. दिवे मालवले, गोठ्यात बाळ ठेवले, गाणे म्हटले, झोपलो, सकाळी भेट मिळाली, की नाताळ झाला. पूर्वेकडील अनेक ऑर्थोडॉक्स चर्चेसमध्ये जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार ख्रिस्तजन्म ७ जानेवारीला साजरा होतो, तेव्हा सगळ्या जगाचा नाताळ एकाच दिवशी असतो असेही नाही.

हीच गोष्ट आईवडील वेगळे राहत असलेल्या मुलांना लागू पडते. माझ्या बहिणीच्या घरी तशी परिस्थिती आहे. दोन्ही घरांनी ठरवून एक लहान गोष्ट सारखी ठेवली आहे: झोपण्यापूर्वी 'सायलेंट नाइट' हे तेच एक गीत, जे २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी गिटारच्या साथीवर प्रथम गायले गेले आणि आज शेकडो भाषांत गायले जाते. मूल कोणत्याही घरी असो, दिवा मालवल्यावर तेच सूर कानी पडतात. बाकी झाड, भेटी, पाहुणे यांबाबत दोन्ही घरे आपापल्या मनाप्रमाणे वागतात आणि त्यावरून वाद होत नाही.

माझ्या मते प्रथा निवडताना हीच कसोटी लावावी: घरातले माणूस थकलेले असताना, गैरहजर असताना, दुःखात असताना ती करता येईल का? वडील गेले त्या वर्षी आमच्याकडे झाड उभे राहिले नाही, पण गीत झाले. मुलाला तेवढे पुरले आणि मला खरे म्हणजे तेवढेच झेपणार होते.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हे सगळे एकत्र बसून वाचले आणि काही गोष्टी ठरवल्याही.

रानवारा यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही घरांतली प्रत्येकी एक गोष्ट घेतली आहे. झाड २४ तारखेलाच बंद दाराआड सजेल आणि दार मुलगीच उघडेल. मात्र खालच्या फांद्या रिकाम्या ठेवू आणि दार उघडल्यावर तिने बनवलेल्या वस्तू ती स्वतः लावेल. माझ्याकडची गोष्ट म्हणून भेटी सकाळी. दारामागे खडूच्या रेघा ओढायच्या हे नवऱ्याला इतके आवडले की तो खडू घेऊनही आला. कापडी गोठा मी शिवायला घेतला आहे; मेंढ्या आधी करते आहे, कारण त्या तिला आत्ताच ओळखू येतात. सांताबाबत सावली यांची वाट आम्हाला जवळची वाटली, आणि संत निकोलस यांच्या दिवशी गुपचूप काही ठेवण्याची कल्पनाही आम्ही उचलली आहे. आजीआजोबांशी भेटवस्तूंबद्दल बोलणे अजून बाकी आहे. ते मी स्वतः बोलेन, कारण पत्राने किंवा निरोपाने कळवले तर ते मनाला लागेल.

एकच प्रश्न उरला आहे. मध्यरात्रीची उपासना मला फार प्रिय आहे, पण तीन वर्षांच्या मुलीला तिथे नेणे योग्य होईल का? की इतकी वर्षे जे सांभाळले ते काही वर्षांसाठी सोडावे?

सांजदीप

सोडू नका, वाटून घ्या. तुम्ही दोघे आलटून पालटून एकेक वर्ष मध्यरात्रीला जा. घरी राहणाऱ्याने मुलीजवळ थांबावे. मुलीसाठी २४ तारखेच्या दुपारी किंवा संध्याकाळी अनेक चर्चेसमध्ये मुलांची छोटी उपासना असते, तिथे तिला न्या. मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींची एक प्रथा इतर चर्चेसमध्येही पसरली आहे, तीत प्रत्येक मुलाच्या हाती लाल फीत बांधलेले संत्रे आणि त्यावर पेटती मेणबत्ती देतात. तिची सुरुवात १७४७ साली जर्मनीतील मारिएनबोर्न येथे मुलांच्याच उपासनेत झाली, तेव्हा संत्रे नव्हते, केवळ मेणबत्ती आणि लाल फीत होती. तुमच्याकडे ही प्रथा असेल तर मुलगी ती उपासना विसरणार नाही. फक्त केस मागे बांधून न्या आणि मेणबत्ती तुमच्या हातात असू द्या.

बसताना शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसा. ती कंटाळली तर बाहेर एक चक्कर मारून परत या, आणि परत येणे जमले नाही तर पहिले गाणे ऐकून घरी गेलात तरी हरकत नाही. पुढच्या वर्षी ती दोन गाण्यांपर्यंत बसेल.

पाणकणीस

सांजदीप यांच्या सल्ल्यात एवढीच भर घालतो की त्या दिवशी दुपारची झोप चुकवू नका. आणि मेंढ्यांच्या आधी गाढव शिवा, कारण मरिया आणि योसेफ यांना पहिल्या रविवारीच निघायचे आहे. मेंढ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात.